फीच्या आधीची कामे आणि नववीनंतरची वर्षे

लाइनवरचा एखादा सहकारी गेला की चाकण, भोसरी, तळवड्याच्या कारखान्यांत दोन दिवसांत वर्गणी जमते. कुणी पाचशे देतो, कुणी एक दिवसाचा पगार देतो. युनियन असेल तर रक्कम मोठी होते. दहाव्याला किंवा तेराव्याला चार जण गावी जातात, पाकीट वहिनींच्या हातात देतात आणि "मुलांच्या शिक्षणाचं काही लागलं तर हक्कानं सांगा" असे म्हणून परततात. यातला एकही जण खोटे बोलत नसतो. पण वहिनी सांगत नाहीत. पहिला जून येतो तेव्हा पाकिटातले पैसे दवाखान्याच्या उधारीत आणि खोलीभाड्यात गेलेले असतात. दुसऱ्या जूनला मोठी मुलगी शाळा बुडवू लागलेली असते. तिसऱ्या जूनपर्यंत शब्द देणाऱ्यांपैकी निम्मे दुसऱ्या कंपनीत गेलेले असतात.

वडील गेलेल्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घ्यावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे: शॉपफ्लोअरवरचा गट असो, सोसायटीतल्या मैत्रिणी असोत, गणेश मंडळ असो की एकटा पगारदार. माझे म्हणणे दोन वाक्यांत मावते. तुमची पहिली मदत शाळेच्या फीवर खर्च करू नका, त्या बाईच्या हक्काचे अडकलेले पैसे सोडवण्यावर करा. आणि खिशातली मोठी रक्कम नववी ते बारावी या चार वर्षांसाठी राखून ठेवा, कारण सगळ्या योजना आणि सगळी सहानुभूती तिथेच तोकडी पडते.

पिशवीतली कागदपत्रे

चाकण-भोसरीच्या या औद्योगिक पट्ट्यातली बहुतेक कुटुंबे बाहेरून आलेली आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर, त्याही पलीकडून उत्तर प्रदेश-बिहार. माणूस महाळुंगे-निघोज्यात किंवा रुपीनगर-चिखलीत भाड्याच्या खोलीत राहतो. रेशनकार्ड मात्र गावी, वडिलांच्या नावावर. तो गेल्यावर अंत्यविधी गावी होतात, मृत्यूची नोंद कधी इथल्या रुग्णालयामार्फत महापालिकेत होते, कधी गावच्या ग्रामपंचायतीत. बाई परत खोलीवर येते तेव्हा तिच्याजवळ एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तीत नवऱ्याचे आधारकार्ड असते, त्याच्यावर नाव एका तऱ्हेने. पीएफच्या स्लिपवर दुसऱ्या तऱ्हेने. लग्नाचा दाखला नाहीच. मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे नाव. या कागदांतल्या नावांचा मेळ बसेपर्यंत कोणत्याही टेबलावर काम पुढे सरकत नाही.

म्हणून मदतीचा पहिला दिवस हा एक रविवार असावा. खोलीत जमिनीवर बसून ती पिशवी तिच्याच हाताने रिकामी करायची आणि कागद लावायचे. मृत्यूच्या दाखल्याच्या निदान दहा मूळ सहीशिक्क्याच्या प्रती काढून घ्या. झेरॉक्स सगळीकडे चालत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो: चाकण आणि आसपासच्या गावांसाठी खेड तालुका, म्हणजे राजगुरूनगर, पिंपरी-चिंचवडसाठी स्वतंत्र अपर तहसील कार्यालय आहे. मुलांचा जातीचा दाखला हे सर्वांत अवघड प्रकरण. तो वडिलांच्या बाजूच्या पुराव्यांवर मिळतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा वास्तव्याचा किंवा जातीचा पुरावा मागतात. तो कागद सासऱ्यांच्या किंवा चुलतसासऱ्यांच्या ट्रंकेत असतो, आणि नवरा गेल्यावर जमिनीच्या हिश्शावरून सासरचे बोलणे बंद झालेले असते. अशा वेळी शहाण्या मध्यस्थाचे मोल कोणत्याही चेकपेक्षा अधिक. तुमच्या गटात त्या तालुक्यातला एखादा जण असेल तर त्याने सुट्टी टाकून गावी जावे, दिराशी जमिनीचा विषय न काढता फक्त आजोबांच्या शाळेचा दाखला मागावा. "पोरांच्या शिक्षणासाठी पाहिजे" एवढे म्हटले की बहुतेक घरांत ट्रंक उघडते.

हक्काचे पैसे

आता पीएफ. "ते तर ठेकेदाराकडे होते, त्यांना कसला पीएफ" असे खूप बायका म्हणतात. ठेकेदारी कामगाराचाही पीएफ कापलेला असतो, आणि तीन ठेकेदार बदलले असतील तर तीन खाती असू शकतात. शेवटच्याच खात्याचा दावा भरून मोकळे होऊ नका. जुन्या पगारस्लिपा शोधा, जुन्या सुपरवायझरला विचारा. पीएफ कार्यालयातून तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. साठलेली रक्कम तर आहेच. दुसरी, कर्मचारी पेन्शन योजना १९९५ची विधवा पेन्शन: नोकरीत असताना मृत्यू झाला तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी ती लागू होते, किमान महिना १,००० रुपये. तिच्या जोडीला दोन मुलांना, प्रत्येकाला विधवा पेन्शनच्या २५ टक्के, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. नॉमिनी म्हणून सासूबाईंचे नाव असले तरी पेन्शनवर पहिला हक्क बायकोचा आणि मुलांचा असतो, हे ठामपणे सांगा. तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते: ठेव संलग्न विमा. वर्षभर सलग नोकरी झाली असेल तर किमान अडीच लाख आणि कमाल ७ लाख. अडीच लाख म्हणजे एका मुलाची पहिलीपासून बारावीपर्यंतची वह्या-पुस्तके, गणवेश, बसचा पास आणि वरची थोडी शिल्लक. तुमच्या गटाला इतके जमवायला किती वर्षे लागतील ते मनाशी मोजून पाहा.

मृत्यू कामावर झाला असेल आणि ईएसआय कापले जात असेल, तर आश्रितजन लाभ मिळतो. सरासरी वेतनाच्या ९० टक्क्यांइतकी ही रक्कम पत्नी आणि मुलांत वाटून दरमहा येते. घरून कारखान्याला जाताना किंवा येताना झालेला अपघातही काही अटींवर कामावरचाच धरला जातो. नाशिक महामार्गावर आणि चाकण-तळेगाव रस्त्यावर पाळी सुटल्यावर दुचाकीवर गेलेले जीव आठवा, म्हणजे या वाक्याचे वजन कळेल. रस्त्यावरच्या अपघातात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत दावा लावावा, उशीर करू नये. वकिलाच्या खर्चाची भीती घालणारे पुष्कळ भेटतील. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७नुसार स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. पुण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. टक्केवारीवर काम करणारे एजंट मात्र दारातूनच परत पाठवा. दाव्यात मुलांच्या वाट्याची रक्कम न्यायालय बहुधा मुदतठेवीत ठेवायला लावते. तिचे व्याज शिक्षणासाठी दरमहा मिळावे असा अर्ज करता येतो आणि तो करावाच.

नवरा मोशी, रावेत, पुनावळ्याच्या इमारतींवर गवंडी किंवा सेंट्रिंगच्या कामाला असेल आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्याची नोंदणी चालू असेल, तर विधवेला वर्षाला २४,००० रुपये पाच वर्षे मिळतात. मुलांना पहिली ते सातवी वर्षाला २,५००, आठवी ते दहावी ५,००० आणि अकरावी-बारावीला १०,००० अशी मदत आहे, दहावीपर्यंत ७५ टक्के हजेरीच्या अटीवर. ही अट लक्षात ठेवा, हजेरीकडे पुढे यायचेच आहे.

मग राज्य आणि केंद्राच्या योजना. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आईजवळच राहणाऱ्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व मदत दरमहा ४,००० रुपयांची आहे. तिला कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि अन्यत्र ९६,००० आहे. दोन्हींचा रस्ता पुण्याच्या जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयातून, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समितीमार्फत जातो. कोणत्या मुलाला काय बसते ते तिथेच पाहून ठरते. अर्ज केल्यावर गृहभेट होते, मंजुरीला महिने लागतात, आणि मंजुरीनंतरही पैसे दर महिन्याला नेमाने न येता साचून येतात. हे आधीच माहीत असले की बाई हताश होत नाही. तुमच्या मदतीचा एक उत्तम उपयोग इथे आहे: अनुदान थकलेल्या महिन्यांत शाळेचा खर्च चालू ठेवणे.

पहिल्या योजनेला सावित्रीबाईंचे नाव आहे ते फार योग्य आहे. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत, त्याला जोतिराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतले आणि शिकवले; तो पुढे डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगात त्याने पुण्याबाहेर दवाखाना चालवला; त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. एका मुलाच्या शिक्षणाचा शब्द त्या घराने तो डॉक्टर होईपर्यंत पाळला. एका वर्षाची फी भरून फोटो काढणाऱ्या आजच्या सत्कारसमारंभांपुढे हे उदाहरण सतत ठेवावेसे वाटते.

मर्यादेच्या किंचित वर असलेली बाई

तुमच्या पैशांची खरी गरज कुणाला आहे, ते एका साध्या हिशेबातून कळते. कॅन्टीन, हाउसकीपिंग किंवा पॅकिंगला ठेक्यावर लागलेल्या बाईला महिना बारा हजार मिळतात असे धरा. वर्षाचे झाले १,४४,०००. मिशन वात्सल्यची शहरी मर्यादा ९६,०००, म्हणजे महिना आठ हजार, ती गेली. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांसाठी आर्थिक दुर्बल घटकाची मर्यादा १ लाख; तीही गेली. संजय गांधी निराधार योजनेत महिना दीड हजार मिळतात, पण तिथली वार्षिक मर्यादा २१,०००. तिचे तर नावच नको. म्हणजे नवरा गेल्यावर धीराने उठून पहिल्या पाळीची बस पकडणारी बाई तिच्या कष्टामुळेच एकेका योजनेतून बाहेर पडते. सरकारने या मर्यादा वाढवायला हव्यात, यात शंका नाही. तोवर खासगी मदतीने याच बाईला आधी शोधावे, असे माझे ठाम मत आहे. जिला योजना बसते तिला योजना मिळवून द्या. जिला बसत नाही तिला पैसे द्या.

एक अपवाद मात्र तपासून पाहा. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटके, इतर मागास, दिव्यांग आणि कोविडमध्ये पालक गमावलेली मुले वंचित घटकात येतात, आणि त्यांना २५ टक्के प्रवेशासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणून तो जातीचा दाखला, ती ट्रंक.

कोणती शाळा

या पट्ट्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळांची कमी नाही. गल्लीत दुमजली इमारत, समोर पिवळी व्हॅन. वडील असताना घातलेले मूल तिथून काढायची वेळ आली की आईला आपण हरलो असे वाटते, आणि मदत करणाऱ्यालाही वाटते की फी भरून त्याच शाळेत ठेवावे. थोडे थांबा. दरवर्षी वाढणारी फी, व्हॅन, "ॲक्टिव्हिटी", शाळेतूनच घ्यायची वह्या-पुस्तके हे सगळे दहावीपर्यंत तुम्ही पेलणार आहात का, याचे उत्तर आज द्या. नसेल, तर पाचवीत शाळा बदलणे हे आठवीत बदलण्यापेक्षा मुलाला सोपे जाते. महापालिकेच्या प्राथमिक शाळा शंभरावर आहेत, माध्यमिकही आहेत, आणि अनुदानित मराठी शाळा आहेत. पहिली ते आठवीपर्यंत पुस्तके आणि दुपारचे जेवण तिथे मिळते, महापालिकेच्या शाळांत गणवेशही. शाळा निवडताना इमारतीपेक्षा तिथली मुख्याध्यापक बाई किंवा सर पाहा. दहा मिनिटे बोलून कळते.

शाळा बदलताना दाखला अडवून धरणाऱ्या संस्था असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५नुसार मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो आणि दाखला आला नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. आठवीपर्यंतच्या मुलांना हे लागू आहे. गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी अर्ज दिला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

सरकारी किंवा अनुदानित शाळेत राहण्याचा एक रोख फायदाही आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत होते. ती उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नमर्यादा साडेतीन लाख, म्हणजे आपली बारा हजारांवाली बाई यात आरामात बसते. पण विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलाला ही परीक्षा देता येत नाही. सातवीच्या उन्हाळ्यापासून या परीक्षेची तयारी करून घेणारा एक अभियंता तुमच्या गटात असला, तर त्याचे रविवारचे दोन तास वर्षाला बारा हजारांचे काम करतात. बुद्धिमत्ता चाचणीचा भाग सरावाने जमतो; तो शाळेत फारसा शिकवला जात नाही आणि मुले तिथेच अडकतात.

नववीचा कडा

पंचवीस टक्क्यांत चांगल्या शाळेत लागलेले मूल आठवी संपवते आणि कायद्याचे छत्र संपते. नववीची पूर्ण फी समोर येते. मोफत पुस्तके थांबतात, दुपारचे जेवण थांबते, क्लास लावायचा दबाव येतो. नेमके त्याच वर्षी मूल चौदा-पंधरा वर्षांचे असते, आणि कामे त्याची वाट पाहत असतात. मुलगा असेल तर एखादे गॅरेज, वडापावची गाडी, सामान चढवण्या-उतरवण्याचे रोजंदारीचे काम. मुलगी असेल तर घर.

मुलीचे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण हे बाहेरून दिसत नाही. आईची पहिली पाळी. कंपनीची बस सहाच्या सुमारास चौकात येते. धाकट्याची शाळा बाराला आहे, त्याला डबा देऊन, कपडे घालून पोचवायचे आहे. नळाला पाणी नऊला येते. आईची पाळी बदलली की सगळे वेळापत्रक उलटे होते. मोठी मुलगी आधी आठवड्यातून एक दिवस शाळा बुडवते, मग पाळीच्या आठवड्यात रोज. कुणी तिला शाळेतून काढत नाही, तिचे नाव पटावर असते. सहामाहीत ती गणितात नापास होते आणि स्वतःच म्हणते, "मला शिकायचंच नाही." लोक म्हणतात, पोरीला अभ्यासात रस नाही.

इथे फी भरून काहीही होत नाही. शेजारच्या मावशींना महिना दीड-दोन हजार देऊन धाकट्याला सांभाळायची आणि शाळेत सोडायची सोय करा. ती मोठ्या मुलीची शिष्यवृत्तीच आहे. धाकटे मूल सहा वर्षांखालचे असेल तर पाळणाघर पाहा. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे कायद्याने बंधनकारक आहे. तुम्ही त्याच कंपनीत अधिकारी असाल तर ठेक्यावरच्या बायकांनाही ते उघडे आहे का, हे विचारा. पाळी ठरवणारा सुपरवायझर ओळखीचा असेल तर दहावीच्या वर्षापुरती जनरल शिफ्ट मागा. पैसा न लागणारी ही मदत सर्वांत दुर्मीळ आहे.

आणि हजेरी. प्रायोजकाने प्रगतिपुस्तक वर्षातून दोनदा पाहिले तरी पुरे, हजेरी मात्र दर महिन्याला विचारावी. आईच्या संमतीने वर्गशिक्षिकेला एक फोन: या महिन्यात किती दिवस आली? पाचपेक्षा अधिक खाडे दिसले की मुलीला न रागावता आईला विचारायचे, पाळी बदलली का, कुणी आजारी आहे का, खोली बदलायची वेळ आली आहे का. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली की मुले शाळेपासून पाच-सहा किलोमीटर दूर फेकली जातात. त्या महिन्यात पीएमपीएमएल बसचा पास किंवा जुनी सायकल शाळा वाचवते.

शब्द कसा द्यावा, पैसे कसे द्यावेत

दहा जणांनी महिना पाचशे काढले तर वर्षाला साठ हजार होतात. भिशी चालवण्याची सवय या पट्ट्यातल्या प्रत्येक खात्यात आहे. तीच शिस्त इथे आणा. पण आधी एक वर्षाची पूर्ण रक्कम बाजूला ठेवा आणि मगच मुलाला शब्द द्या. माणसे कंपनी बदलतात, ले-ऑफ येतो, कुणाच्या घरी आजारपण निघते. मुलाला मधल्या वर्षी सोडण्यापेक्षा न धरलेले बरे. दोन मुलांना दोन वर्षे मदत करण्याऐवजी एकाला चार वर्षे करा, असे मी आग्रहाने सांगेन. हिशेब दोघांच्या सहीचा असावा आणि गट सोडणाऱ्याने जागेवर दुसरा माणूस द्यावा. ओळखीच्या वर्तुळापलीकडे लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नियम विचारून घ्या, किंवा सरळ नोंदणीकृत संस्थेमार्फत काम करा. करसवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, आईच्या खात्यावर टाकलेल्या पैशांवर नाही; आणि नव्या करप्रणालीत तीही मिळत नाही.

शाळेची फी शाळेच्या खात्यात, बाकीचे पैसे आईच्या खात्यात. वह्या कोणत्या दुकानातून घेतल्या, पैशांतून मोबाइलचे रिचार्ज का केले, असे प्रश्न विचारू नका. गेली कित्येक वर्षे त्या घरात बारा हजारांत महिना निघतो आहे. तुमच्या-माझ्यापेक्षा तिचा हिशेब पक्का आहे. पैसे तिच्या हातून मुलाला मिळाले पाहिजेत, म्हणजे घरात तिचा शब्द चालतो. मुलाला "तुझ्यासाठी आम्ही इतके करतो" असे चुकूनही ऐकवू नका.

एकटा पुरुष मदत करत असेल तर त्याने बायकोला, बहिणीला किंवा सहकारी महिलेला सोबत घ्यावे आणि बोलणे तिच्यामार्फत ठेवावे. चाळीत कोण कुणाच्या खोलीवर येते यावर डोळे असतात. चांगल्या हेतूने केलेल्या दोन फेऱ्यांची किंमत त्या बाईला वर्षभर मोजावी लागते. विधवेच्या कुंकवावर, बांगड्यांवर बोट ठेवणारा समाज अजून पुरता बदललेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२मध्ये विधवा प्रथांच्या विरोधात ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांना तसे करायला सांगितले, तो काळ काही जुना नाही.

फोटो, बॅनर, मोठ्या पुठ्ठ्याचा चेक हे पूर्ण टाळा. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ७४ने मनाई आहे. कायदा नसता तरी, नववीतल्या मुलाला उद्या त्याच वर्गात बसायचे असते.

आईलाही काही होऊ शकते

८ डिसेंबर २०२३ला तळवड्यात वाढदिवसाच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या एका कारखान्यात आग लागली आणि पोटासाठी तिथे काम करणाऱ्या बायका जळून गेल्या. या पट्ट्यात मोठ्या कंपन्यांच्या सावलीत अशा लहान शेड अनेक आहेत, जिथे हजेरीपत्रक नाही, विमा नाही, आणि रोजगार मात्र लगेच मिळतो. ज्या मुलाचे शिक्षण तुम्ही उचलले त्याची आई कुठे काम करते, हे माहीत करून घ्या. पीएफ-ईएसआय कापणाऱ्या ठेकेदाराकडे तिला लावून देता आले तर तुमच्या सगळ्या मदतीत ते मोठे ठरेल.

तोवर दोन विमे तिच्या बँक खात्यावर चालू करा. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५०, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, अपघातासाठी २ लाख. हप्ता मे अखेरीस खात्यातून कापला जातो, त्या आठवड्यात खात्यात शिल्लक असेल याची आठवण करून द्या. नॉमिनी मुले असावीत आणि ती अज्ञान असेपर्यंत पैसे कुणी सांभाळायचे, ते नाव तिने स्वतः ठरवावे. हा विषय काढायला अवघड जातो. एखाद्या बाईनेच, चहा पिताना, स्वतःच्या विम्याचे सांगत काढावा.

दहावी-बारावीनंतर

अठरा वर्षे पूर्ण झाली की बालसंगोपनाचे पैसे थांबतात, आणि ते बऱ्याचदा बारावीच्या सुमारास घडते. ते वर्ष तुमच्या नियोजनात आधीच धरलेले असावे. मुलीसाठी एक मोठा आधार आहे: ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेला हवा. व्यवस्थापन कोट्याला आणि खासगी विद्यापीठांना ते लागू नाही. पुण्याभोवती अशा विद्यापीठांच्या जाहिराती इतक्या आहेत की मुली भुलतात. फॉर्म भरायच्या दिवशी कुणीतरी शेजारी बसा. पुणे जिल्ह्यातल्या हुशार गरजू मुलींसाठी लीला पूनावाला फाउंडेशन १९९५पासून शिष्यवृत्त्या देते, आणि बाहेरगावच्या मुलामुलींच्या वसतिगृहासाठी १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती आहे. दोन्हीकडे अर्जाची मुदत चुकवू नका.

आणि कंपनीचे गेट. बारावी किंवा आयटीआय झाली की चाकणला ट्रेनी म्हणून लागता येते, गणवेश मिळतो, बस मिळते, पहिल्या महिन्याचा पगार आईच्या हातात ठेवता येतो. मुलगा तिकडे ओढला जाणार आणि आईलाही ते हवे असणार. त्यांना अडवू नका, तो निर्णय त्या घराचा आहे. पण ट्रेनीचा करार ठरावीक मुदतीचा असतो, आणि मुदत संपली की नवी पोरे आत येतात, जुनी बाहेर. म्हणून तो कामावर रुजू होईल त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या पदवीचा अर्ज त्याच्यासोबत बसून भरा. अभ्यासकेंद्रे पिंपरी-चिंचवडमध्येच आहेत, आणि ती तीन वर्षांची फी तुमच्या गटाने आधीच बाजूला काढून ठेवलेली असू द्या.